एका रकान्याची गोष्ट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येक शिक्षकाने काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आमच्यापुढे विषयांची वाण नव्हती. वसतिगृहातील पहाटेची वंदना, एका पंगतीत बसून खाल्लेली पिठले-भाकरी, 6 डिसेंबरच्या रात्री मुलांनी लावलेल्या मेणबत्त्या, संस्थापकांनी दारोदार फिरून गोळा केलेले धान्य, यांवर आमच्याहून सरस लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र येथे एका संगणकीय भाषेविषयी लिहिणार आहोत. इतिहासाच्या मास्तराने हा उद्योग कशासाठी आरंभिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या भाषेत आमच्या हातून एक चूक घडली, ती चूक आमच्या दिवंगत वडिलांपर्यंत जाऊन पोहोचली, आणि या स्मरणिकेच्या शेवटी छापलेल्या नामावलीला आज जे रूप आले आहे ते त्या चुकीमुळेच आले आहे.

शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची नावे स्मरणिकेत द्यावीत असे ठरले व ते काम आमच्याकडे आले. मूळ साधन म्हणजे कार्यालयातील लोखंडी कपाटात असलेले दाखल-खारीज रजिस्टर. तांबड्या कापडी बांधणीचे, कडा झिजलेले, आणि पहिल्या मुख्याध्यापकांच्या टपोऱ्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षराने भरलेले. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शेवटी शेरा, असे त्याचे रकाने. दहावीच्या दोन मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत बसून ते सारे एक्सेलमध्ये उतरविले. चारशेहून अधिक ओळी झाल्या. त्यांतून गावनिहाय, वर्षनिहाय आकडे काढावयाचे होते, आणि आम्ही बोटे मोडीत बसलो होतो.

तेव्हा शाळेची एक माजी विद्यार्थिनी धावून आली. ती आज पुण्यात सांख्यिकीचे काम करते. फोनवर म्हणाली, “जय भीम सर. एक्सेलमध्ये मोजत बसू नका. आर शिका, मी शिकवते.” आम्ही म्हटले, “बेटा, आता पन्नाशी उलटून गेली. या वयात नवी भाषा?” ती म्हणाली, “सर, पाली तुम्ही चाळिशीत शिकलात.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येऊ लागला.

कोणतीही नवी गोष्ट शिकताना प्रथम तिचा इतिहास विचारावयाचा, ही आमची खोड. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1976 साली जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारीच्या अभ्यासासाठी ‘एस’ नावाची भाषा आरंभिली. पुढे 1990 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी तिच्याच वळणावर ‘आर’ रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर तेच. यांतील इहाका हे माओरी वंशाचे, म्हणजे त्या देशातील मूळ रहिवाशांपैकी, हे कळल्यावर भाषेविषयी आमचा जिव्हाळा उगाच थोडा वाढला. 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ती कोणालाही विनामूल्य मिळते. शाळेच्या तिजोरीची अवस्था वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा हा शेवटचा गुण आम्हांला सर्वांत थोर वाटला.

या भाषेत माहितीच्या प्रत्येक गाठोड्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. आमचे सारे रजिस्टर हे असे एक ऑब्जेक्ट झाले. त्याच्या प्रकाराचे नाव डेटा फ्रेम. त्याला आम्ही ‘वि’ हे नाव दिले, विद्यार्थ्यांचे ‘वि’. (संगणकावर ही नावे रोमन अक्षरांत होती, येथे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत देतो.) या गाठोड्यातून एक रकाना बाहेर काढावयाचा झाला तर मधे डॉलरचे चिन्ह लिहितात: वि$नाव. इतके लिहिताच चारशे नावे पडद्यावर ओळीने उभी राहतात. एकाच विद्यार्थ्याची एकच नोंद हवी असेल तर चौकटी कंसात आधी ओळ व मग रकाना सांगावयाचा: वि[14, "नाव"]. कपाट उघडून, धूळ झटकून, पाने उलटून जे काम व्हावयाचे ते अर्ध्या क्षणात झाले. पहिल्या दिवशी आम्ही एकामागून एक नावे काढून वाचीत बसलो. कितीतरी जणांचे चेहरे आठवले.

वाचणे जितके सोपे, तितकेच बदलणेही सोपे आहे. त्याच शब्दांपुढे डावीकडे वळलेला एक बाण काढावयाचा आणि त्याच्या उजवीकडे नवी किंमत लिहावयाची: वि[14, "नाव"] <- "नवे नाव". झाले. कोणी विचारीत नाही की, आपण कोण, कोणाच्या हुकुमाने बदलता, आधी येथे काय होते. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. आमच्या कार्यालयात नाव, जात वा जन्मतारीख यांतील काही बदलावयाचे तर मुख्याध्यापकालाही मनाने बदलता येत नाही. अर्ज, पुरावे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, मग जुन्या नोंदीवर एकच आडवी रेघ, वर लाल शाईने नवी नोंद, बाजूला आदेश क्रमांक व सही. रेघेखालचे जुने अक्षर वाचता आले पाहिजे, अशी शिस्त. या साऱ्या सोपस्काराला आम्ही आयुष्यभर कंटाळलो होतो. बाणाची ती सहजता पाहून आम्हांला, खरे सांगतो, सुटल्यासारखे वाटले.

विद्यार्थिनीने सावध केले होते. तिने एक गंमत दाखविली. आमच्या एका रकान्याचे नाव ‘जन्मतारीख’ होते. आम्ही आळसाने वि$जन्म एवढेच लिहिले तरी तारखा आल्या. कारण डॉलरचे चिन्ह अर्धवट नावावरूनही रकाना ओळखते, मात्र तशा आरंभाचा दुसरा रकाना नसला पाहिजे. आम्ही खूश झालो. मग तिने सांगितले की, आता याच अर्धवट नावाने बदल करून पाहा. आम्ही बाण काढून सर्व तारखा वर्षाच्या रूपात बदलल्या आणि पाहतो तो ‘जन्मतारीख’ जशीच्या तशी. शेजारी ‘जन्म’ नावाचा नवाच रकाना उभा. वाचताना जे नाव जुन्याला ओळखते, तेच नाव लिहिताना नव्याला जन्म देते. ती म्हणाली, “सर, घरच्या नावानं हाक मारली तर मूल ओ देतं. पण दाखल्यावर घरचं नाव लिहिलं तर दुसरंच मूल तयार होतं.” म्हणून दुहेरी चौकटी कंस, वि[["जन्मतारीख"]], वापरावेत, असा तिचा आग्रह, ते पूर्ण नावाशिवाय दार उघडीत नाहीत.

या उचापतीत तारखा एकदा मोजून पाहिल्या, तेव्हा मौज झाली. शाळेतील मुलांपैकी इतकी मुले 1 जून रोजी जन्मलेली निघाली की, त्या एका दिवशी आपल्या वस्त्यांत सुइणींना उसंत मिळाली नसेल. कारण सर्वांना ठाऊक आहे. बापाला तारीख सांगता येत नसे, आणि जून महिन्यात शाळा भरे. गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून लिहून टाकीत. आमचीही जन्मतारीख 1 जूनच आहे.

आणखी एक भेद तिने शिकविला, तो येथे सांगणे अवश्य आहे. माहिती नसेल तर या भाषेत ‘एनए’ लिहितात. म्हणजे जागा आहे, उत्तर मिळालेले नाही. दुसरा शब्द ‘नल’. एखाद्या रकान्यात नल भरले तर तो रिकामा होत नाही, तो रकानाच नाहीसा होतो. आमच्या रजिस्टरात वडिलांच्या नावाच्या जागी काही मुलांपुढे नुसती आडवी रेघ आहे. ती मुले कोण, त्यांना कोणी आणून सोडले, हे जुन्या शिक्षकांना ठाऊक होते. ती रेघ एनए आहे, नल नव्हे, हे समजावयास आम्हांला कोणत्याही पुस्तकाची गरज लागली नाही.

आता जातीच्या रकान्याकडे येतो.

हा रकाना आम्ही प्रथम उघडला त्या रात्री झोप लागली नाही. ‘नवबौद्ध’, ‘हिंदू महार’, ‘महार’, ‘मातंग’, ‘चांभार’ अशा नोंदी एकाखाली एक. बुद्धवंदनेने दिवस सुरू होणाऱ्या शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू महार’ ही अक्षरे इतक्या वेळा! आणि त्यांत एक ओळ आमची.

आमचे वडील 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्या अथांग गर्दीत उभे होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि पुन्हा कधी कोणत्या देवळाची पायरी चढले नाहीत. त्याच माणसाने 1979 च्या जूनमध्ये आमचे बोट धरून या शाळेच्या टेबलापाशी उभे राहून, जात विचारल्यावर, ‘हिंदू महार’ असे सांगितले. मुख्याध्यापकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि लिहिले. आम्ही दहा वर्षांचे होतो; काहीतरी चुकीचे घडले एवढे कळले.

कारण पुढे कळले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता, 1956 साली त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्याच्या सवलती पुष्कळ आधी दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत, रेल्वेत, टपाल खात्यात धर्मांतरित बौद्धाला ते दार बंद होते. आमच्या एका काकांना रेल्वेत गँगमनची जागा मिळाली होती ती ‘हिंदू महार’ या कागदावर. वडिलांनी तेवढाच हिशेब केला होता. एम.ए.ला असताना, चळवळीच्या ऐन भरात, आम्ही त्यांच्याशी यावरून कडाक्याचे भांडलो. ते एवढेच म्हणाले, “कागदावर लिवलं ते सरकारसाठी. मी कोन आहो ते मले ठाऊक हाय.”

1990 साली कायदा बदलला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले तेही त्याच वर्षी. वडिलांनी आम्हांला जवळ बोलावून सांगितले, “आता शाळंतलं ते बदलून घे.” आम्ही हो म्हटले. अर्ज, पुरावे, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा हे सारे डोळ्यांपुढे आले आणि आज करू, उद्या करू म्हणत राहिले ते राहिलेच. वडील गेले तेव्हाही नोंद तशीच होती.

आता वाचकांना समजेल की, तो बाण हाती आल्यावर आमच्या मनात काय आले असेल. एका रविवारी फोनची वाट न पाहता आम्ही एकटेच बसलो आणि पुढील ओळ लिहिली: वि$जात[वि$जात == "हिंदू महार"] <- "बौद्ध". अर्थ असा की, जेथे जेथे ‘हिंदू महार’ आहे तेथे तेथे ‘बौद्ध’ करावे. कळ दाबली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक इशारा आला, तो आम्ही वाचला नाही. मग आमची ओळ काढून पाहिली. तेथे ‘बौद्ध’ नव्हते. ‘हिंदू महार’ही नव्हते. तेथे होते: एनए.

असे का झाले? शाळेचा संगणक जुना, त्यातील आरची आवृत्तीही जुनी. 2020 साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीपूर्वी ही भाषा फाईल वाचताना अक्षरांचा रकाना आपण होऊन ‘फॅक्टर’ करीत असे. फॅक्टर म्हणजे असा रकाना, ज्यात फाईल वाचताना आढळलेल्या उत्तरांची एक यादी पक्की होते, आणि त्यानंतर यादीबाहेरचे उत्तर स्वीकारले जात नाही. पहिल्या मुख्याध्यापकांनी सर्वत्र ‘नवबौद्ध’ लिहिले होते. नुसते ‘बौद्ध’ कोठेच नव्हते. म्हणून ‘बौद्ध’ हा शब्द यंत्राच्या यादीत नव्हता. जुने उत्तर पुसले गेले, नवे बसेना, आणि माणूस अज्ञातांत जमा झाला.

इतिहास शिकविणाऱ्यास हे पाहून हसावे की रडावे ते कळेना. 1951 च्या जनगणनेत देशभरात बौद्ध दोन लाखांहून कमी होते आणि 1961 च्या जनगणनेत 32 लाखांवर गेले. त्या लाखो माणसांनी आपले उत्तर बदलले होते, पण सवलतींच्या यादीत ते उत्तर बसत नव्हते. चौतीस वर्षे ती केंद्राच्या तक्त्यात ना इकडची ना तिकडची राहिली. हे आम्ही वर्गात अनेकदा शिकविले आहे. यंत्राने ते एका ओळीत करून दाखविले.

येथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. संगणकाच्या स्मृतीतील ‘वि’ ही एक प्रतच असते. मूळ फाईल त्यामुळे बिघडत नाही. आम्ही फाईल पुन्हा वाचून घेतली, पुस्तकात पाहून रकान्याचे फॅक्टरमधून साध्या अक्षरांत रूपांतर केले, तीच ओळ पुन्हा चालविली. या वेळी ती निमूट चालली. ‘नवबौद्ध’चेही ‘बौद्ध’ केले, ‘महार’चेही. आमची ओळ पाहिली: बौद्ध. वडिलांचे राहिलेले काम झाले असे वाटून डोळे भरून आले. आणि त्याच भरात सारे जुन्याच नावाने फाईलमध्ये साठविले. जुनी फाईल गेली. त्या फाईलची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती.

पुढे महिनाभराने कार्यालयात एक बाई आल्या. त्यांचे वडील या शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीतले, ते वारले. बाईंच्या भावाची मुलगी अभियांत्रिकीला जाणार, तिची जातपडताळणी अडली होती. धर्मांतरित बौद्धाला मूळ जात सिद्ध करावी लागते, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीपर्यंतची साखळी जुळवावी लागते, आणि तीत वडिलांची, आजोबांची शाळेतील नोंद ही मोठी कडी असते. आमच्या लिपिकांनी आता कपाट उघडणे सोडले होते. आम्ही दिलेली संगणकावरील यादी हाताशी होती. त्यांनी नाव शोधले आणि सांगितले, “इथे नुसतं बौद्ध आहे. मूळ जात नाही.” बाई म्हणाल्या, “असं कसं जी? माह्या बाबानं सांगतलं होतं, शाळेत महार लिवलं हाय म्हणून.” लिपिक म्हणाले, “यादीत नाही.” बाई पायऱ्या उतरू लागल्या होत्या. आम्ही तासावरून परत येत होतो म्हणून भेट झाली. विचारपूस केली आणि अंगावर काटा आला.

कपाट उघडले. रजिस्टर काढले. ‘हिंदू महार’. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी रीतसर उतारा दिला. बाईंनी जाताना आमचे आभार मानले. ते आम्हांला घेववले नाहीत.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही एकट्यानेच तो रकाना रजिस्टरावरून पुन्हा उतरविला. चारशेहून अधिक नोंदी, एकेक. आमची ओळ आली तेव्हा त्या वर्षीच्या प्रवेश अर्जांचा गठ्ठाही सोडून पाहिला. आमच्या अर्जावर वडिलांची सही आहे. रात्रीच्या वर्गात ते सही शिकले होते. प्रत्येक अक्षर स्वतंत्र, शिरोरेघ मधेच तुटलेली. वर ‘हिंदू महार’, खाली ती सही. देव नदीत सोडणाऱ्या माणसाने मुलासाठी ही सही करताना काय गिळले असेल, याचा विचार आम्ही भांडताना केला नव्हता. आणि ती आम्ही पुसली होती.

विद्यार्थिनीला सारे सांगितले. ती रागावली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “सर, साताऱ्याच्या रजिस्टरात काय लिहिलंय?” साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालेल्या त्या विद्यार्थ्याचे नाव तेथे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. 7 नोव्हेंबर हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दरवर्षी त्या दिवशी आम्हीच मुलांना ही नोंद सांगतो. तेथे ‘भिवा’ खोडून ‘डॉ. भीमराव’ करावे असे आजवर कोणाच्या मनात आले नाही.

मग तिने दुसरी पद्धत शिकविली. आरमध्ये ‘एस फोर’ नावाची ऑब्जेक्टची एक अधिक शिस्तीची जात आहे (येथे ‘जात’ शब्दाला इलाज नाही). तिच्यात कप्पे आधी ठरवून द्यावे लागतात: नाव अक्षरांत, प्रवेशाचे वर्ष आकड्यांत, इत्यादी. कप्प्यात डोकावण्यासाठी डॉलरऐवजी ‘@’ हे चिन्ह. आकड्याच्या कप्प्यात अक्षरे घालू गेल्यास ती अडविते. अर्धवट नावाने लिहू गेल्यास नवा कप्पा निर्माण न करता ‘असा कप्पा नाही’ म्हणून परत पाठविते. आम्ही म्हटले, “हे आपल्या मोठ्या बाबूंसारखं झालं.” ती हसली आणि म्हणाली, “पूर्ण नाही सर.” कारण असे: प्रवेशाचे वर्ष जन्मवर्षाच्या नंतरचे असावे, असा नियम आपण घालू शकतो, पण तो नियम ऑब्जेक्ट तयार होताना तपासला जातो. पुढे कोणी ‘@’ने एकच कप्पा बदलला तर यंत्र फक्त किमतीचा प्रकार पाहते, नियम पुन्हा तपासून घेण्याचा हुकूम आपणच द्यावा लागतो. आणि ‘@’ वापरण्यास कोणालाही मज्जाव नाही. जाणकार मंडळी थेट कप्प्यात हात घालीत नाहीत, त्यासाठी लिहिलेल्या फंक्शनातून जातात, एवढाच संकेत.

तसे एक फंक्शन तिने आमच्यासाठी लिहिले. जातीची वा नावाची नोंद बदलावयाची झाल्यास त्यातूनच जावे लागते. ते तीन गोष्टी मागते: नवी नोंद, कारण आणि आदेश क्रमांक. मग जुनी नोंद दिनांकासह ‘दुरुस्त्या’ नावाच्या कप्प्यात शेवटी जोडते, नवी नोंद घालते, आणि सर्व नियम पुन्हा तपासून घेते. मूळ नोंदीचा कप्पा वेगळा. त्याला हात लावणारे फंक्शन तिने लिहिलेच नाही. म्हणजे लाल शाई, आडवी रेघ, आदेश क्रमांक, बाजूची सही हे सारे परत आले. ज्याला आम्ही तीस वर्षे बाबूगिरी म्हणून हिणवीत होतो, ते आम्हीच एका मुलीला विनवून यंत्रात बसवून घेतले.

या स्मरणिकेच्या शेवटी जी नामावली आहे तीत जात छापलेली नाही. ते मंडळाने आरंभीच ठरविले होते व ते योग्यच आहे. नाव, गाव, प्रवेशवर्ष आणि शेरा एवढेच आहे. संगणकावरील यादीत मात्र दोन रकाने आहेत: ‘रजिस्टरातील नोंद’ आणि ‘आज सांगितलेली ओळख’. दुसरा रकाना आम्ही स्वतः भरलेला नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांनी कळविले त्यांचा भरला आहे. बाकीच्यांपुढे एनए आहे. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी कार्यालयात येऊन वा रविवारी दूरध्वनीने तो सांगावा. पडताळणीसाठी उतारा हवा असल्यास यादीवर विसंबू नये, कपाटातील रजिस्टर उघडावयास लावावे. आमचे लिपिक आता उघडतात.

आमच्या ओळीत पहिल्या रकान्यात ‘हिंदू महार’ आहे, दुसऱ्यात ‘बौद्ध’. जन्मतारीख 1 जूनच ठेवली आहे. आई सांगत असे की आमचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, बैलांच्या गळ्यातली माळ अजून सुकली नव्हती. ते विद्यार्थिनीच्या फंक्शनातून ‘दुरुस्त्या’त घालावे असे मनात आले. कारणाच्या जागी ‘आईचे सांगणे’ लिहिले. आदेश क्रमांक मागितला. तो आमच्यापाशी नव्हता, म्हणून एनए लिहिले, तर यंत्राने तेही नाकारले; अक्षरांच्या कप्प्यात साधा एनए चालत नाही, अक्षरांचा म्हणून वेगळा एनए असतो. रविवारपर्यंत थांबलो, तो कसा लिहावयाचा ते तिला विचारून घेतले, आणि मग नोंद झाली.